द्वंद्वाचा कायदा लिहायच्या आधी दुसऱ्या दिवशीची सकाळ ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या काल्पनिक राज्यात सहा घराणी आहेत, काहींना जादू येते, बहुतेकांना नाही, आणि कायदा एवढाच की अपमान झाला तर कुणीही कुणालाही द्वंद्वाला बोलावू शकतो, जिंकेल तो खरा. नायिका एका हिशेबनिसाची मुलगी आहे, तिला एका सरदारावर बापाच्या खुनाचा आरोप करायचाय, तिला जादू येत नाही, सरदाराला येते. तुमच्या पहिल्याच वाचकाने विचारलं की मग हे जादूवाले एकेकाला बोलावून सगळं राज्य गिळत का नाहीत, आणि तिथे तुमची कथा अडली.

वाचक बरोबर बोललाय. मी गेली अठरा वर्षं टेबलावरचे रोल-प्लेइंग खेळ चालवतोय, म्हणजे जग मी बांधायचं, कायदे मी लिहायचे, आणि सहा-सात खेळाडूंनी त्या कायद्यातली प्रत्येक फट शोधायची, त्यामुळे कायदा कुठे गळतो ते फार लवकर कळतं. माझ्या दुसऱ्या मोहिमेत, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या सलग खेळात, डिट्टो तुमचाच कायदा होता. एका खेळाडूने आपल्या पात्राचे सगळे पॉइंट तलवारीत टाकले आणि तिसऱ्याच बैठकीत गिरणीवाल्याला उभं केलं, कारण काय तर तू माझ्याकडे तिरकं बघितलंस. गिरणीवाला पडला, गिरणी याची झाली. पुढच्या बैठकीत शेजारचं शेत, मग नदीवरचा नाका. तो काही चीटिंग करत नव्हता, मी जो कायदा लिहिला होता तोच अक्षरशः वापरत होता. मी खेळ तीन आठवडे थांबवला आणि वाचायला बसलो.

वाचताना सापडलं ते आइसलँड. तिथल्या जुन्या नॉर्स लोकांमध्ये होल्मगांग नावाचं द्वंद्व होतं. सागांमधल्या, म्हणजे त्यांच्या जुन्या वीरकथांमधल्या, वर्णनात जमिनीवर पाच हात बाय पाच हात कापड अंथरलेलं असतं, कडेने हेझल नावाच्या झाडाच्या काठ्यांनी हद्द आखलेली, प्रत्येकाला तीन ढाली, आळीपाळीने वार करायचे, कापडावर रक्त सांडलं की थांबता येतं आणि जखमी माणसाने तीन मार्क चांदी देऊन सुटायचं. किती नीट बांधलेली पद्धत आहे बघा. तरीही तिचं काय झालं, तर धंदेवाईक लढवय्ये गावोगाव फिरून शेतकऱ्याला बोलवायचे, जमीन दे नाहीतर ये कापडावर. शेवटी १००६ च्या सुमारास आइसलँडने आणि १०१४ मध्ये नॉर्वेने ही प्रथाच बंद केली. म्हणजे माझ्या टेबलावर जे चार बैठकांत झालं ते तिथे खरोखर होऊन गेलं होतं, आणि समाजाने त्यावर उत्तरही शोधलं होतं.

तेव्हापासून कुठल्याही जगाचा द्वंद्वाचा कायदा लिहिताना मी शस्त्रं, रिंगण, नियम यातलं काहीच आधी ठरवत नाही. आधी हे ठरवतो की द्वंद्व झालं, एक जण मेला, आता दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेल्याचा भाऊ काय करतो? तो तलवार घेऊन निघाला आणि लोकांनी त्याला वाट करून दिली तर तुमच्याकडे द्वंद्व नाहीच, तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर आहे आणि कालचा प्रकार म्हणजे त्यातला एक खून. त्याच लोकांनी जर भावाला अडवलं, की बाबा रे झालं ते नियमाने झालं, आता विषय संपला, तर तो कायदा. दोन घराण्यांचं भांडण दोन माणसांवर आणून तिथेच मिटवणं हे द्वंद्वाचं काम आहे. लढाई नुसती दिसते मोठी, कायद्याचा जीव त्या मिटवण्यात असतो.

आणि वैर मिटवायचे इतरही मार्ग लोकांनी काढले होते, ते तुमच्या जगात द्वंद्वाच्या शेजारी असायलाच हवेत. केंटच्या एथेलबर्ट राजाच्या कायद्यात, साधारण इसवी सन ६०० मधल्या, शरीराच्या एकेका भागाचा दर आहे, पुढचा दात पाडला तर ६ शिलिंग, अंगठा तोडला तर २०. वाचायला विचित्र वाटतं पण विचार करा, दर ठरलेला असला की घासाघीस करायची लाज नाही, पैसे घेणारा लाचार ठरत नाही. उत्तर अल्बानियाच्या डोंगराळ भागातल्या कानून नावाच्या रूढींमध्ये तर सूड घेणाऱ्याने मेलेल्याला उताणं करायचं, त्याचं हत्यार त्याच्या डोक्याशी ठेवायचं, घरच्यांना निरोप पोचवायचा, आणि मग चोवीस तासांचा तह मिळाला की मारणाऱ्यानेच मयताला जायचं. ज्यांच्या घरी रडारड चाललीये त्यांच्यातच तो बसलेला, आणि दिलेल्या शब्दामुळे त्याला कुणी हात लावत नाही. असा एक प्रसंग तुमच्या कथेत आला ना, की वाचकाला या समाजात शब्दाची किंमत काय आहे ते वेगळं सांगावं लागणार नाही.

तुमच्या नायिकेच्या दृष्टीने मात्र सगळ्यात कामाचा जपानचा एदो काळ, साधारण सतरावं ते एकोणिसावं शतक. तिथे बापाच्या किंवा थोरल्या भावाच्या खुनाचा सूड घेता यायचा, पण आधी सरकारदरबारी नोंद करून परवानगी काढायची. धाकट्यांसाठी नाही, फक्त थोरल्यांसाठी. आणि सूडाचा सूड घ्यायला बंदी, म्हणजे एकदा हिशेब झाला की मारलेल्याच्या मुलाला पुन्हा अर्ज करता येत नाही. हे सगळं १८७३ मध्ये बंद झालं, पण रचना बघा किती पक्की आहे, दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं उत्तर कायद्यातच लिहून ठेवलंय. तुमची नायिका हिशेबनिसाची मुलगी, तिला नोंदवह्या, दाखले, शिक्के हेच तर कळतं. तिच्या लढ्याची सुरुवात एका कचेरीच्या दारात होऊ द्या.

आता जादू. लोक मला नेहमी म्हणतात की आपल्या इतिहासात जादू नव्हती त्यामुळे इतिहासाचा इथे उपयोग नाही. अहो, पण ते लोक जादू मानत होतेच ना! मानत होते म्हणूनच त्यांनी तिच्यासाठी नियम केले. इंग्लंडमध्ये न्यायनिवाड्यासाठी जे द्वंद्व व्हायचं त्यात लढणाऱ्याला रिंगणात उतरायच्या आधी शपथ घ्यावी लागायची की माझ्या अंगावर हाड नाही, दगड नाही, वनस्पती नाही, कुठला मंत्रतंत्र किंवा चेटूक नाही ज्याने देवाचा कायदा दबेल आणि सैतानाचा वर येईल. एकेका वस्तूचं नाव घेतलंय, कारण त्या काळी हाड, दगड, वनस्पती यांतच जादू असते अशी समजूत होती. तुमच्या जगात जादू कशातून चालते, नावातून, धातूतून, रक्तातून, श्वासातून? ज्यातून चालते ते शपथेत एकेक करून आलं पाहिजे, आणि झडती घेणारा माणूस कोण, त्याला जादू कळते का, आणि तो कुणाच्या पगारावर आहे, हेही. हा शेवटचा मुद्दा लिहिणारे विसरतात आणि खेळाडू कधीच विसरत नाहीत.

दोघांची ताकदच मुळात वेगळी असेल तर काय करायचं, यावर १४६७ चं टालहोफर नावाच्या जर्मन तलवारगुरूचं सचित्र हस्तलिखित आहे. त्यात नवरा-बायकोचं द्वंद्व आहे. नवरा कमरेपर्यंत खड्ड्यात उभा, हातात दांडका, आणि बायको मोकळी, तिच्या हातात कापडात बांधलेला दगड. खड्ड्यातून त्याला हलता येत नाही, ती भोवती फिरू शकते. मी स्वतः जुन्या युरोपीय तलवारबाजीचा सराव करतो, तर एकदा आम्ही हे करून बघितलं, खड्डा नाही खणला, एकाला स्टुलावर बसवलं आणि उठायचं नाही म्हणून सांगितलं, दगडाऐवजी कापडाचा बोळा. पहिल्या दोन मिनिटांत बसलेला जिंकेल असं वाटत होतं कारण त्याचे हात लांब, पण मागून येणारा बोळा त्याला दिसेच ना, मान वळवून वळवून तो थकला. तर तुमच्या जादूवाल्यासाठी असा 'खड्डा' शोधा. तोंडात कापड, ओल्या मिठाचं रिंगण, डोळ्यावर पट्टी, तुमची जादू ज्याने अडते ते. आणि तो खड्डा किती खोल यावर घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भांडलेलं असू द्या, जादूवाली घराणी म्हणतात गुडघ्यापर्यंत पुरे, बाकीचे म्हणतात छातीपर्यंत.

नकार द्यायचा हक्कही असतो हे विसरू नका. इंग्लंडच्या त्याच कायद्यात स्त्रिया, पाद्री, अल्पवयीन, साठीच्या वरचे, लंगडे, आंधळे यांना आरोप करूनही लढायला नकार देता यायचा आणि मग खटला ज्युरीपुढे चालायचा. पण जो धडधाकट आहे आणि नुसता अंगाने कमी आहे त्याचं काय? १८१७ मध्ये मेरी अॅशफर्ड नावाच्या तरुणीच्या मृत्यूबद्दल अब्राहम थॉर्नटन सुटला, तिच्या भावाने जुन्या कायद्याने परत दावा लावला, तर थॉर्नटनने भर कोर्टात हातमोजा फेकला की मी निर्दोष आहे आणि हे अंगाने सिद्ध करीन. शेकडो वर्षं कुणी वापरला नव्हता पण कायदा पुस्तकात होताच. १८१८ मध्ये न्यायाधीशांना मान्य करावं लागलं. थॉर्नटन दणकट, मेरीचा भाऊ किरकोळ अंगाचा, त्याने माघार घेतली आणि आरोपी सुटला. १८१९ मध्ये पार्लमेंटने तो कायदा काढून टाकला. तुमच्या सरदाराच्या वकिलाला असाच एखादा विसरलेला कायदा धुळीतून काढू द्या.

नायिका लढणार नसेल तर तिच्या वतीने कोण? भाड्याचे लढवय्ये बऱ्याच ठिकाणी होते, आणि त्यांच्याबरोबर लाचखोरीही आली. तेराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये हरलेल्या भाडोत्री लढवय्याचा हात तोडायची शिक्षा होती, पैसे खाऊन मुद्दाम हरू नये म्हणून. केरळात, उत्तर मलबारमध्ये, अंकम नावाचं द्वंद्व व्हायचं, दोन बड्या माणसांचं भांडण, लढणार त्यांचे चेकवर, म्हणजे धंदेवाईक लढवय्ये, सोन्याची थैली घेऊन उंच मचाणावर. तिथल्या लोकगीतांतल्या आरोमल चेकवरचा घात करायला लोहार फितवला गेला, तलवारीच्या मुठीतल्या लोखंडी खिळ्यांच्या जागी लाकडी बसवले गेले आणि ऐन लढतीत पातं निखळलं. एका लाकडी खिळ्यात अख्खी कथा आहे.

आणि न लढणाऱ्याचं काय पणाला लागलंय हेही लिहा. पॅरिसमध्ये २९ डिसेंबर १३८६ ला जाँ द कारूज आणि जाक ल ग्री लढले ते कारूजच्या बायकोने ल ग्रीवर केलेल्या बलात्काराच्या आरोपावरून. कारूज हरला असता तर खोटी शपथ घेतली म्हणून तिला जिवंत जाळणार होते. ती काळे कपडे घालून तिथेच होती. तलवार दोघांच्या हातात आणि मरण तिघांचं. (कारूज जिंकला.)

इथपर्यंत कायदा झाला. मानापमानाचे रिवाज ही निराळी गोष्ट आहे आणि बऱ्याचदा ती कायद्याच्या बरोबर उलट्या दिशेने ओढते. त्यातला सगळ्यात पहिला प्रश्न, अपमान करून घ्यायची लायकी कुणाची? हा प्रश्न आपल्याला महाभारताने फार आधी दाखवलाय. कर्ण रंगमंडपात अर्जुनाला आव्हान देतो तेव्हा कृपाचार्य तलवारीची गोष्टच काढत नाहीत, ते कुळ विचारतात. कर्णाची मान खाली जाते, आणि दुर्योधन तिथल्या तिथे त्याला अंगदेशाचा राजा करून टाकतो. बाण सुटायच्या आधीच अख्खी लढाई झाली, आणि त्या एका अभिषेकाने कर्ण जन्माचा बांधला गेला. युरोपातही हेच, जर्मन भाषेत तर 'समाधान द्यायला पात्र' या अर्थाचा एक अख्खा शब्दच होता, जो पात्र नाही त्याच्याशी लढायचं नसतं, त्याला नोकराकडून चोप द्यायचा असतो. म्हणजे तुमचा सरदार हिशेबनिसाच्या मुलीला घाबरणार नाही, तो म्हणेल तू माझ्या बरोबरीची नाहीस, आणि दरबार मान डोलावेल. तिला बरोबरीचं कोण करतं आणि त्याच्या बदल्यात काय मागतं, हा तुमच्या कथेचा पहिला भाग झाला.

दुसरं म्हणजे शब्द. इटालियन रिवाजात 'तू खोटं बोलतोस' हे वाक्य म्हणजे बारूद होतं, कारण ज्याला खोटारडा म्हटलं त्यानेच आव्हान द्यायचं, आणि आव्हान ज्याला मिळालं त्याला शस्त्र निवडायचा हक्क. त्यामुळे हुशार माणूस समोरच्याला आपल्याला खोटारडा म्हणायची संधीच कशी द्यायची नाही यावर डोकं चालवायचा. १५४७ च्या जुलैत जार्नाक फ्रान्सच्या राजासमोर लढला तेव्हा समोरचा ला शातेन्येरे नावाजलेला तलवारबाज होता, पण शस्त्र निवडणं जार्नाककडे होतं, त्याचा त्याने पुरेपूर फायदा घेतला. लढतीत त्याने गुडघ्यामागची शीर कापली आणि मग समोरच्याला मारायचं सोडून राजाकडे वळला, माझी अब्रू मला परत द्या आणि हा माणूस तुम्ही ठेवा. राजा गप्प. पुन्हा विनवणी, राजा गप्पच, आणि तिकडे तो माणूस रक्तात पडलेला. राजा बोलला तोवर उशीर झाला होता, आणि शातेन्येरेने स्वतःच्या पट्ट्या ओढून काढल्या आणि मेला. त्याने विजयाची मेजवानी आधीच मांडून ठेवली होती, ती लोकांनी लुटली. राजाचं ते गप्प बसणं मला तलवारीच्या वारापेक्षा भारी वाटतं.

पुढे राजे बंदी घालायला लागले आणि तिथे खरी गंमत सुरू होते. फ्रान्सच्या राजाचा मुख्य मंत्री रिशल्यू, त्याचा हुकूम १६२६ चा, आणि १६२७ मध्ये मॉन्मोरन्सी-बुतव्हिल नावाचा सरदार पॅरिसच्या प्लास रोयाल चौकात भर दिवसा मुद्दाम लढला, त्याचं डोकं उडवलं. तरी द्वंद्व थांबली नाहीत. का, तर लढलास तर राजा मारणार, नाही लढलास तर सोबतचे लोक ताटावर बसू देणार नाहीत, आणि माणूस दुसऱ्याला जास्त घाबरतो. ब्रिटिश सैन्यात हे सुटलं १८४४ च्या आसपास, तेव्हा नियमांतच लिहिलं गेलं की चूक झाली तर माफी मागणं आणि ती स्वीकारणं हे अब्रूदार माणसाला शोभतं. शिक्षेचा धाक होताच, पण त्याच्या जोडीला मागे फिरायला एक इज्जतीचा दरवाजा मिळाला. तुमच्या राज्यात तो दरवाजा आहे का, आणि नसेल तर तो बंद राहण्यात कुणाचा फायदा आहे?

सेकंड, म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलणी करणारे, यांना कथेत भरपूर जागा द्या. १७७७ च्या आयरिश नियमावलीत पहिला अपमान ज्याने केला त्याने पहिली माफी मागायची, मग समोरचं उत्तर कितीही जहाल असो, आणि हवेत गोळी झाडायला तर मनाईच, का, तर लढायचं नव्हतं तर बोलावलंस कशाला. माझ्या टेबलावरची आजवरची सगळ्यात ताणलेली बैठक फासे न टाकता झालीये. दोन खेळाडू सेकंड होते, पहाटे लढत ठरलेली, आणि ते दोघं एका वाक्यावर भांडत होते की सेनापती 'तुझं म्हणणं चूक' म्हणाला की 'तुझं म्हणणं खोटं'. चूक असेल तर माफीनाम्यावर भागतं, खोटं असेल तर लढावंच लागतं. तासभर चाललं. ज्यांची पात्रं लढणार होती ते दोघे खेळाडू शेजारी बसून नुसते ऐकत होते, त्यांना बोलायची परवानगी नव्हती कारण रिवाजच तसा होता. शेवटी एकीने विचारलं की त्या वेळी तिथे पाणी वाढणारा पोऱ्या होता ना, त्याला विचारा. त्या पोऱ्याचं नावसुद्धा मी ठरवलं नव्हतं.

तर आता तुमची कथा. मी असतो तर सरदाराकडून खोटी शपथ घेववलीच नसती, तुमच्या जगात देव खरोखर ऐकत असतील तर खोटी शपथ घ्यायला कुणी धजणार नाही, लोक शब्द वाकवतील. इटलीतल्या लोंबार्ड लोकांचा राजा लिउतप्रांदने ७३१ मध्येच लिहून ठेवलंय की या द्वंद्वात न्याय होतो याची आम्हाला खात्री नाही पण आमच्या लोकांची रूढी आहे म्हणून बंद करता येत नाही. तसाच तुमचा वृद्ध न्यायाधीश असू द्या, त्याला सगळं कळतं आणि त्याचा हात बांधलेला आहे. सरदार रिंगणात उभा राहून म्हणतो, माझ्या हाताने या हिशेबनिसाचं रक्त सांडलं नाही, माझ्या अंगावर धातू नाही, ओठांवर नाव नाही. देव गप्प, कारण प्रत्येक शब्द खरा आहे. गर्दी ओरडायला लागलीये, नायिकेचा लढवय्या तलवार उपसतोय. आणि ही मुलगी, जिने सगळं बालपण बापाच्या शेजारी बसून करारातली गाळलेली ओळ शोधण्यात घालवलं, ती न्यायाधीशाकडे वळून एवढंच म्हणते की शपथ अजून एकदा वाचा, त्यात 'माझ्या हुकुमाने' हे शब्द कुठे आहेत?